पिशवी घेतलीस का?

रोज सकाळी सातच्या आसपास मी आप्पांच्या अंगणातनं गाडी बाहेर काढायला लागले की सोप्यातनं आवाज येतो, "पिशवी घेतलीस का?" माझं माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेतच, दोन बोळ सोडून, आणि आमच्या बोळात गाडी लावायला जागा नाही म्हणून गाडी कायम माहेरच्या अंगणात. डब्याचं आई विचारते, रेनकोटचं नवरा घरनं निघतानाच विचारतो, आप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र फक्त पिशवीचं विचारतात. वय ७६, गेल्या चार-पाच वर्षांत कानाला बरंच कमी यायला लागलंय, माझं "होय आप्पा" त्यांच्यापर्यंत पोचतंय का नाही कळत नाही, म्हणून मी पिशवी वर उचलून दाखवते. मग ते मान हलवतात आणि परत पेपर वाचायला घेतात.

पिशवी म्हणजे पंक्चरची पिशवी. खाकी जीनच्या कापडाची, गुंडाळी करून नाडीनं बांधायची, आत कप्पे शिवलेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शाळा गगनबावडा रोडला साळवणच्या पुढं, जाऊन येऊन साधारण नव्वद किलोमीटर होतात. एसटी आहे पण शाळेची वेळ आणि एसटीची वेळ कधी जमलीच नाही, त्यामुळं गेली चौदा वर्षं मोटरसायकल. सुरवातीला लोक बघायचे, बाई मोटरसायकलवर म्हणून, आता त्या रोडला सगळे ओळखतात.

ही पिशवी आली कुठनं ते सांगायचं तर आमच्या चेतकपासनं सुरू करायला पाहिजे. मी लहान असताना आप्पांकडं चेतक होती, निळी, आणि तिच्या पाठीमागं स्टेपनी. पंक्चर झाली की आप्पा गाडी कडेला घ्यायचे, चाकाचे नट काढायचे, स्टेपनी चढवायचे आणि परत किक. दोन्ही चाकं एकाच मापाची, दहा इंची, त्यामुळं पुढचं गेलं काय नि मागचं गेलं काय एका स्टेपनीत भागायचं. मला तेव्हा वाटायचं सगळ्याच गाड्यांना स्टेपनी असते. हा शब्द पण किती आपला वाटतो ना, स्टेपनी, कोल्हापुरात तर कुणाला विचारलं तरी मराठीच आहे म्हणेल. पण तो आलाय थेट वेल्समधनं. लानेल्ली नावाचं गाव आहे तिकडं, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली थॉमस डेव्हिस नावाच्या माणसानं आणि त्याच्या भावानं जादा चाक विकायला सुरवात केली. त्याआधी मोटारींना जादा चाक नसायचंच, पंक्चर झालं की रस्त्यावरच टायर उतरवून बसायचं. त्यांचं ते चाक म्हणजे नुसती आरे नसलेली रिम आणि त्यावर हवा भरलेला टायर, बसलेल्या चाकाला क्लॅम्पनं अडकवायचं आणि जायचं. रस्त्याच्या नावावरनं चाकाचं नाव पडलं. तिकडं तो शब्द आता कुणी फारसा वापरत नाही, आणि आपल्याकडं प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडात आहे.

नंतर चेतक विकली आणि मोटरसायकल आली. तेव्हा आप्पांनी शोरूममध्येच विचारलं होतं, स्टेपनी कुठाय? चाकं मोठी, मागच्या चाकाला चेन स्प्रॉकेट, पुढच्याला वेगळा हब, एकमेकांना बसत नाहीत, लावणार कुठं नि कशी. हे त्यांना पटत होतं पण चैन पडत नव्हतं. आप्पा उद्यमनगरात लेथवर ३२ वर्षं काम केलेला माणूस, बंद पडलेली वस्तू तिथल्या तिथं चालू झाली पाहिजे हा त्यांचा स्वभावच. उद्यमनगर ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, तिथं एखादा पार्ट मिळत नाही असं म्हणायची पद्धतच नाही, मिळत नसला तर करायचा. मग त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्याचे दोन तुकडे आणले, भट्टीत घालून टोकं चपटी केली, वाकवली, आणि ग्राइंडरवर, मग कानशीनं, मग पॉलिश पेपरनं इतकी गुळगुळीत केली की त्यावरनं बोट फिरवलं तर कुठं अडकत नाही. टायर लिव्हर, म्हणजे टायर रिमवरनं उतरवायच्या पट्ट्या. दुकानात मिळतात त्या लिव्हरच्या कडा धारदार असतात, ट्यूब चिमटली की नवीन भोक पडतं, जुनं काढायला गेलं आणि दोन झाली असं होतं. पाट्याचं लोखंड वाकत पण नाही, मोडत पण नाही. तेच दोन लिव्हर आजपण पिशवीत आहेत, ट्यूबलेस गाडी घेतल्यावर खरं तर लागत नाहीत तरी आहेत.

मला नोकरी लागली आणि मी रोज गाडीनं जाणार म्हणलं तेव्हा आप्पांनी एका रविवारी अंगणात पोतं अंथरलं आणि गाडी स्टँडवर घेतली. म्हणाले, बस. चांगल्या टायरमधली हवा सोडली त्यांनी, व्हॉल्व्हची पिन काढून, आणि म्हणाले, आता ट्यूब बाहेर काढून परत आत घालून दाखव. चाक खोलायचं नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पंक्चरवाला पण चाक खोलत नाही, टायरची एक बाजू रिमवरनं उतरवतो आणि ट्यूब बाजूनं ओढून घेतो. ताकद लागते ती सगळी चुकीच्या जागी लावली तर लागते. रिमच्या मधोमध खोलगट पन्हाळ असते, समोरच्या बाजूचा टायर गुडघ्यानं दाबून त्या पन्हाळीत बसवला की अलीकडं टायर ढिला पडतो आणि लिव्हर सहज जातो. हे कळेपर्यंत त्या रविवारी माझे दोन तास गेले, हाताची सालटं निघाली, आई दोनदा येऊन "पुरे करा की आता" म्हणून गेली. "मी करतो की आप्पा, तुम्ही सरा बाजूला" असं मी सारखं म्हणत होते (आमच्याकडं बायका पण मी करतो, मी जातो असंच बोलतात, वर्गात आवरतं घ्यावं लागतं) आणि ते सरत नव्हते.

मग पॅच. पॉलिश पेपरनं घासायचं, सगळी चकाकी जाईपर्यंत. सोल्युशन लावायचं, पॅचपेक्षा जरा मोठं वर्तुळ. आणि मग थांबायचं. सगळ्यात अवघड काम हे आहे, थांबायचं. ओल्या सोल्युशनवर पॅच दाबला की तो बसल्यासारखा वाटतो आणि दहा किलोमीटरवर सुटतो. चार-पाच मिनिटं, बोटाला चिकट लागलं पाहिजे पण ओलं लागायला नको. पॅचच्या खालचा कागद काढल्यावर तिथं बोट लावायचं नाही. मधनं कडेकडं दाबत जायचं. वरनं पावडर टाकायची म्हणजे ट्यूब टायरला आतनं चिकटत नाही, मी खडूची पूड टाकते, ती माझ्याकडं कायम असतेच.

आप्पांनी एक गोष्ट सांगितली होती आणि ती मी पहिल्याच वेळी विसरले. शाळेला जाताना फुलेवाडीच्या पुढं मागचं चाक बसलं, गाडी मागनं डुलायला लागली, मी सगळं नीट केलं, पॅच लावला, पायपंपानं हवा भरली, शंभराच्या वर पंप मोजले, निघाले. बालिंग्याचा पूल ओलांडला आणि परत चाक खाली. टायरच्या आतनं हात फिरवून खिळा बघायचा राहिला होता, तो तिथंच होता, टोक आत काढून. त्या दिवशी पहिले दोन तास माझा वर्ग मोकळा बसला होता, शेजारच्या बाईंनी सांभाळला. अजून मला त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासनं मी आधी टायर आतनं चाचपते, हळू, जुन्या रुमालानं, कारण बोटात पण जातं, आणि मग ट्यूबकडं बघते.

लोकांना वाटतं किट घेतलं की झालं. दुकानात गेलात तर पाचशे-हजारात छान बॉक्स मिळतो, झिप असते, तो सीटखाली जातो आणि मग दोन वर्षांनी रात्री आठ वाजता पहिल्यांदा उघडला जातो. तोपर्यंत सोल्युशनची ट्यूब आतल्या आत वाळलेली असते, एकदा सील फोडलं की ते फार दिवस टिकतच नाही. माझं मत विचाराल तर घरी एकदा केल्याशिवाय ते किट बरोबर नेऊ नका, आहे आहे असं वाटत राहतं आणि ते वाटणंच धोक्याचं. शाळेतल्या तिघी बाईंना मी सुट्टीच्या दिवशी मैदानावर शिकवलं, त्यातली एक आता माझ्यापेक्षा लवकर करते.

आमच्या रोडला पंक्चर होण्याचे पण हंगाम आहेत. पावसाळ्यात जास्त होतात कारण ओल्या रबरात टोकदार वस्तू पटकन घुसते, पाणी वंगणासारखं काम करतं, आणि कडेची खडी सगळी धुऊन रस्त्यावर येते. किरवे, मांडुकलीला पाणी आलं की रस्ताच बंद, मग प्रश्न नसतो. खरा हंगाम सुरू होतो दिवाळीनंतर, कारखाने सुरू झाले की. कुडित्रेच्या बाजूला उसाच्या गाड्यांची रांग लागते, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, आणि बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्यांचे खिळे रस्त्यावर पडत जातात. छोटे, चपट्या डोक्याचे, चांगले टोकदार. माझी निम्मी पंक्चर त्या खिळ्यांची असतील.

त्यातलं एक सांगायचंय, त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

जानेवारी होता, स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस, निघायलाच साडेसहा झाले. कळे सोडलं आणि कोपार्ड्याच्या अलीकडं, दोन्ही बाजूला ऊस, मागचं चाक गेलं. ओळखीच्या पंक्चरवाल्याचं दुकान मागं राहिलं होतं आणि ते सहाला बंद होतं. गाडी तशीच चालवत न्यायची नाही हे माहीत होतं, बसलेल्या टायरवर गाडी चालवली की व्हॉल्व्हपाशी ट्यूब फाटते आणि मग पॅच पण बसत नाही. नवऱ्याला फोन केला, तो निघतो म्हणाला, त्याला तास लागणार. मी पिशवी उघडली.

ट्यूब काढली, हवा भरली, आणि भोक सापडेना. बाटलीतलं पाणी संपलेलं. कानाला लावून बघितलं तर शेजारनं ट्रॅक्टर चाललेले, त्यांच्यावर ही मोठी गाणी लावलेली असतात, दणादण, त्यात कसली हवा ऐकू येते. मोबाईल तोंडात धरून उजेड पाडायचा आणि दोन्ही हातांनी ट्यूब फिरवायची असं चाललं होतं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. अंधार, ऊस, आणि थांबणारा माणूस कसा असेल हे बाईला आधी कळायचा काही मार्ग नसतो. पिशवी असली की एक गोष्ट होते, हात कामात असतात, आणि कामात असलेल्या माणसाकडं लोक जरा वेगळ्या नजरेनं बघतात. हे मी बऱ्याचदा अनुभवलंय. रस्त्याकडं बघत नुसतं उभं राहिलेल्या बाईला सतरा जण विचारतात, पाना हातात असलेल्या बाईला कामाचंच विचारतात.

एक बैलगाडी थांबली. रिकामी, कारखान्यावरनं परत येणारी. बीडकडची ऊसतोड टोळी, केज तालुक्यातले, ते नंतर कळलं. नवरा-बायको आणि एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची. तो उतरला आणि म्हणाला, "काय ताई, भोक घावंना का?" मी म्हणलं पाणी नाही. तो म्हणाला, "पाणी कशाला लागतंय. गालाला लावा."

मला कळलंच नाही. त्यानं ट्यूब हातात घेतली, परत थोडी हवा मारायला लावली, ओठांवरनं जीभ फिरवून ओठ ओले केले आणि ट्यूब तोंडापासनं दोन बोटांवर धरून हळूहळू फिरवत गेला, ओठ, गाल, डोळ्याखाली. मग माझ्याकडं दिली, "इथं बघा." मी गालाजवळ नेली आणि डोळ्याच्या खाली एकदम गार टोचलं. सुईसारखं, बारीक, गार. ट्रॅक्टरची गाणी चालूच होती आणि मला हवा लागत होती, ऐकू येत नव्हती, लागत होती. इतकी वर्षं मी परातीतल्या पाण्यात बुडबुडे बघत आले, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

तो म्हणाला आमच्या गाडीचं रोजचंच आहे. आणि खरंच की, ती पण टायरगाडी. लाकडी चाकाच्या गाड्या आता उसाला कुठं राहिल्यात, रबरी चाकांची ती गाडी, जिला आमच्या आजोबांच्या वेळी लोक डनलॉपची गाडी म्हणायचे. डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर होता, १८८८ साली त्यानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पोराच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून केलेली ती युक्ती. जनावरांच्या डॉक्टरनं काढलेली वस्तू शेवटी बैलांच्याच मागं आली, तेवढंच ओझं त्यांच्या मानेवरचं कमी झालं असेल. त्या माणसाच्या गाडीला खाली एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा बांधलेला, त्यात त्याचं किट. कानशीचा तुकडा, जुन्या ट्यूबचे गोल कापलेले पॅच, लिव्हर म्हणून पहारीचं टोक, आणि सोल्युशनची ट्यूब, ती वाळून दगड झालेली. दाखवताना तो म्हणाला गेले आठ दिवस सोल्युशनसाठी टोळीतल्या दुसऱ्याकडं मागतोय.

मुलीनं मोबाईलचा उजेड धरला. मी विचारलं कितवीत आहेस, ती म्हणाली, तिसरी, पण आता हितं नाही जात. एवढंच. मी पॉलिश पेपर घासत होते, तिला म्हणलं तू घास, आणि तिनं घासलं, नीट, गोल गोल. सोल्युशन लावल्यावर तिला म्हणलं आता तीनशे अंक म्हण, तोपर्यंत थांबायचं. ती तीनशेपर्यंत न चुकता म्हणाली. मला अजून ते तीनशे अंक आठवतात. साखर शाळा, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या पोरांच्या शाळा, काही ठिकाणी असतात कारखान्यांच्या भागात, मी तिच्या आईला विचारलं, कुठं आहे बघून सांगते म्हणलं, आईनं मान हलवली, पण टोळी चार दिवसांत पुढच्या फडावर गेली आणि मला परत ती माणसं दिसली नाहीत. मी त्याच रात्री विचारायला पाहिजे होतं त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, कुठं पडल्यात ते.

टायर चाचपला तर खिळा सापडला. त्यानं हातावर घेऊन बघितला आणि म्हणाला, "ही पत्रीची खिळी." मग तो उठून आपल्या बैलांकडं गेला, एकेक पाय उचलून बघितला. उजवीकडच्या बैलाची एक पत्री ढिली होती, दोन खिळे नव्हते. तो काही बोलला नाही. आला आणि माझ्या हातातला पंप घेऊन सगळी हवा त्यानंच भरली, मी नको नको म्हणत असताना. तो खिळा त्याच्याच बैलाचा कशावरनं, त्या रस्त्यावरनं दिवसाला शेकड्यांनी बैल जातात. पण त्याला तसं वाटलं आणि त्यानं ते हातानं फेडलं. पैसे घेतले नाहीत. माझ्या पिशवीत सोल्युशनच्या दोन ट्यूब होत्या, एक न फोडलेली, ती मी त्या डब्यात टाकली, तिला तो नाही म्हणाला नाही. नवरा आला तेव्हा मी हेल्मेट घालत होते.

फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंची गोष्ट मी पोरांना सांगते, चौथीच्या वर्गात, परिसर अभ्यासाच्या तासाला. १८८९ साली त्यांच्या कारखान्यात एक इंग्रज सायकलवाला पंक्चर घेऊन आला. तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असायचा, त्यामुळं काढायलाच तीन तास गेले आणि चिकटवल्यावर वाळायला अख्खी रात्र. त्यावर विचार करून त्यांनी दोन वर्षांत सुटा निघणारा टायर केला. आणि १८९२ साली एक सायकल शर्यत भरवली, तिच्या रस्त्यावर त्यांनी स्वतःच खिळे टाकले, लोकांनी पंक्चर काढून दाखवावं म्हणून. पोरांना खिळे टाकले हे फार आवडतं. मला आवडतो तो आधीचा भाग, तीन तास आणि एक रात्र. त्या कोपार्ड्याच्या रात्री आम्हाला सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली होती.

दुसऱ्या दिवशी आप्पांना गालाचं सांगितलं. त्यांनी जुनी ट्यूब मागवली, सुईनं भोक पाडायला लावलं, आणि स्वतः करून बघितलं. सापडलं त्यांना, दुसऱ्या फेरीत. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, लेथवर फिनिशिंग आम्ही नखानंच बघायचो, डोळ्यानं नाही, डोळा फसतो. हे आपल्याला कसं सुचलं नाही.

आता तीन वर्षं झाली ट्यूबलेस टायरची गाडी घेऊन. पिशवी हलकी झाली. टी-हँडलचा टोच्या, म्हणजे रिमर, दुसरी सुई, भोकात कोंबायच्या चिकट दोऱ्या, कटर, आणि पायपंपाच्या जागी चार्जिंगचा छोटा इन्फ्लेटर, तो दर रविवारी चार्ज करायचा. ट्यूबलेसचं सुख असं की खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, ट्यूबसारखी एकदम नाही, आणि टायर उतरवायचा नसतो. खिळा दिसला म्हणून लगेच ओढायचा नाही एवढं मात्र लक्षात ठेवायचं, किट हातात नसेल तर तो खिळा हेच बूच आहे, तसंच हळू पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. किट असेल तर खिळा कुठल्या कोनात गेलाय बघून ओढायचा, त्याच कोनात रिमर घालून भोक खरवडायचं, दोरी सुईत मधोमध घालून दोन बोटं बाहेर राहील इतकी आत दाबायची आणि सुई सरळ एका झटक्यात ओढायची. थुंकी लावून बघायचं, बुडबुडा येत नसला तर शेपट्या कापायच्या. पहिल्यांदा दोरी घालताना इतका जोर लागतो की आपण टायरचं वाटोळं करतोय असं वाटतं, तसं काही होत नाही.

बाजूच्या भिंतीला, जिथं टायर वाकतो तिथं कट लागला तर मात्र दोरी घालायची नाही. तिथं कुठलाच प्लग धरत नाही आणि धरल्यासारखा वाटला तर जास्त वाईट, तो टायर गेला. टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारं जेल भरून घ्या म्हणून बरेच जण सांगतात, मी भरत नाही, पंक्चरवाल्याला आतनं सगळं चिकट पुसत बसावं लागतं आणि आपल्याला खिळा कधी लागला तेच कळत नाही. आणि आरेवाल्या रिमच्या गाड्या असतात त्यातल्या बहुतेकांना ट्यूबच लागते, आरे रिमला जिथं बसतात तिथनं हवा निघते, त्यांनी लिव्हर बाळगावेत.

रंकाळ्याच्या बाजूला एक पंक्चरवाले मामा आहेत, झाडाला जुनं टायर टांगलेलं, तेवढाच बोर्ड. मी स्वतः पंक्चर काढायला लागले तेव्हा त्यांच्यासमोरनं जाताना मला अवघडल्यासारखं व्हायचं, त्यांचे शंभर रुपये आपण खातोय असं. एकदा बोललेच. ते म्हणाले, "बाई, तुम्ही वाटंत दोरी घाला की, पण आल्यावर मला दाखवा. दोरी वरनं असती, आतनं मशरूम लावल्याशिवाय मी तुमाला घाट उतरू देणार न्हाई." मशरूम म्हणजे टायरच्या आतनं बसवायचा छत्रीसारखा पॅच. तेव्हापासनं तसंच चाललंय. रस्त्यावर मी दोरी घालते, दोन-चार दिवसांत मामांकडं जाते, ते टायर उतरवून आतनं बोट फिरवतात, एखाद्या वेळी "चांगली बसलीया" म्हणतात, एखाद्या वेळी काहीच म्हणत नाहीत, मशरूम लावून देतात.

आप्पांचा दोरीवर विश्वास नव्हता. न घासता, न वाळवता, नुसती दोरी कोंबली की हवा थांबते हे त्यांना पटेना. गेल्या महिन्यात मामांकडनं एक काढून टाकलेलं टायर रिमसकट मागून आणलं, अंगणात तेच जुनं पोतं अंथरलं. आप्पांनी हातोडीनं खिळा ठोकला, मी काढला, आणि म्हणलं आता तुम्ही. रिमर फिरवताना त्यांचे हात थरथरत होते, मधे दोनदा थांबले, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोरी आत गेली, सुई ओढली. मी ३० पर्यंत हवा भरली. वाटीत पाणी घेऊन आई उभीच होती, त्यांनी हातानं तिला मागं सारलं, जीभ ओठांवरनं फिरवली आणि खाली वाकून गाल टायरजवळ नेला. डोळे मिटून. बोळात कुणाचीतरी रिक्षा चालू होती, ती त्यांना ऐकू येतच नव्हती.

"न्हाई येत," म्हणाले. मग दोन्ही शेपट्यांच्या कडेनं परत एकदा गाल फिरवला. "पण तू उद्या सकाळी परत बघ."